मास्तरांच्या टेबलावरची रेल्वे

रेल्वेतली दोन पेन्शनर माणसं भेटली की आधी गुडघ्यांची चौकशी होते आणि मग किस्से सुरू होतात. माझ्याकडे ते इतके साठलेत की बायको म्हणते, नोकरीतून घरी एवढंच आणलंत. त्यातले हे एका टेबलाभोवतीचे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. नगर आणि राहुरीच्या मधल्या एका छोट्या स्टेशनात मी तारबाबू होतो. आमचा सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे फिरवून गाडी वळवणारा, पांडू हंगामी होता. कायम व्हायचं तर रूल्सची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी, नाहीतर परत रूळदुरुस्तीच्या गँगवर. आज इथे तंबू, उद्या तिथे. त्याची बायको सरूबाई लहानपणीच देवीत आंधळी झालेली. क्वार्टरपासून विहिरीपर्यंत ती पावलं मोजून एकटी जायची. महिन्या-महिन्याला जागा बदलली तर तिनं मोजायचं काय?

पांडूचं काम चोख, पण साहेबानं प्रश्न विचारला की जीभ टाळ्याला चिकटायची. दोनदा नापास झाला होता, आता शेवटची संधी. म्हणून स्टेशनमास्तरांनी ठरवलं, अख्खं स्टेशन टेबलावर बांधायचं आणि त्याच्या हातून गाड्या चालवून घ्यायच्या.

* * *

पहिला प्लॅन मी काढला. ऐटीत गोल रूळ दाखवले, म्हणजे गाडी फिरत राहील.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तारबाबू, आपली पॅसेंजर दौंडला जाते ना?"

"जाते की."

"मग ही कुठे निघाली आहे?"

मी कागद फाडला. दुसऱ्या प्लॅनमध्ये एकेरी लाईन, समोरून येणारी गाडी चुकवायला लूप आणि माल भरायला एक सायडिंग. टेबलाच्या एका कडेला दौंड, दुसऱ्या कडेला मनमाड. गाडी कुठून तरी आली पाहिजे आणि कुठे तरी गेली पाहिजे, हा मास्तरांचा हट्ट होता.

* * *

गाडी केली गावातल्या चांदभाई सुतारांनी, बाभळीच्या लाकडाची. कारागीर मोठा, पण हौसही मोठी. मालगाडीला सात डबे सांगितले होते, त्यांनी नऊ केले. "नऊ डब्यांची गाडी शोभते, मास्तर."

शोभली खरी, पण लूपमध्ये मावेना. शेवटचे दोन डबे मेन लाईनवर, आणि मेल बाहेर खोळंबलेली.

"डबे कापू?" चांदभाईंनी अशा आवाजात विचारलं की मास्तरांचा धीर झाला नाही. ते घरात गेले आणि वहिनींचा पोळपाट घेऊन आले. तो टेबलाला जोडून लूप लांबवला.

"आणि मी पोळ्या कशावर लाटू?" वहिनी दारातून म्हणाल्या.

"भाकरीला पोळपाट लागत नाही," मास्तर वर न बघता म्हणाले. आठवडाभर त्यांच्याकडे भाकरीच होती.

* * *

रिकामा डबा नुसता फिरवायचा नाही, त्यात माल हवा, असंही मास्तरांचं म्हणणं. आमच्याकडून गूळ जायचा, म्हणून डब्यात खऱ्या गुळाचे खडे भरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सिग्नलपासून सायडिंगपर्यंत मुंग्यांची रांग.

मी फुंकर मारायला वाकलो, तर पांडूनं मला अडवलं. "ऱ्हाऊ द्या तारबाबू. लाईन त्यांनी आधी घेतली हाय."

टेबलावरच्या दुपारच्या दोन गाड्या त्यानं रोखून धरल्या. तो एरवी इतकं बोलत नसे, म्हणून आम्हीही ऐकलं.

* * *

एकदा सरूबाई पांडूला जेवायला बोलवायला आली. मास्तर म्हणाले, "ये, हात लावून बघ." तिची बोटं हळूहळू फलाटावरून फिरली, लूपवरून गेली, काडेपेटीच्या काडीच्या सिग्नलला लागली.

"आन आमचं घर?"

घर आम्ही कुणीच केलं नव्हतं. मला तोंड कुठे लपवू असं झालं. चांदभाई टोपी काढून डोकं खाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी ते इवलंसं क्वार्टर आणि विहीर घेऊन आले. सरूबाईनं दोन बोटं घराच्या दाराशी ठेवली आणि पुटपुटत मोजत विहिरीपर्यंत चालवली.

"लई जवळ आली हीर, चांदभाई."

चांदभाईंनी विहीर थोडी सरकवली. अजून थोडी. ती "हां" म्हणाली तेव्हाच त्यांनी डिंक लावला. सबंध टेबलावर मापात बसलेलं अंतर तेवढं एकच होतं.

* * *

परीक्षेला साहेब ट्रॉलीतून आले. पहिला प्रश्न, पांडू गप्प. दुसरा, गप्प. तिसऱ्याला साहेबांनी कागद मिटायला घेतला.

"साहेब, त्याला हातानं करू द्या," मास्तर म्हणाले. इतकी अजिजी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

साहेब नाराजीनंच टेबलाशी आले. "बरं. मालगाडी लूपमध्ये घे, मेल जाऊ दे, मग मालगाडी सोड."

पांडूनं मालगाडी आत घेतली. सांधा फिरवला, तपासला. मेल गेली, तशी साहेब टेबलावर एक हात टेकून जवळ वाकले. पुन्हा सांधा. पुढच्या स्टेशनाची परवानगी म्हणून ड्रायव्हरला लोखंडी गोळा देतात, त्याच्या जागी आमची गोटी होती. तीही दिली. आता फक्त सिग्नल पाडायचा, की गाडीला वाट मोकळी.

पांडू सिग्नलच्या दोऱ्यावर बोट ठेवून उभा राहिला. पाडेना.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गाडी का अडवलीस?" साहेब म्हणाले.

"साहेब," पांडू म्हणाला, एकही शब्द न अडखळता, "तुमचा हात लाईनीवर हाय."

साहेबांनी खाली पाहिलं. हात उचलला.

पांडूनं सिग्नल पाडला. नऊच्या नऊ डबे बाहेर पडेपर्यंत साहेब बघत राहिले, मग खिशातून पेन काढून मास्तरांना म्हणाले, "याचं पूर्ण नाव सांगा."