फांदी लावलेलं हरीण

इवाकिरी तामेझोला गावात तोंडावर सगळे दादा म्हणत आणि त्याची पाठ वळली की सोवळा म्हातारा. सोवळा अशासाठी, की बंदूक घेऊन डोंगर तुडवणारा माणूस, पण नखरे फार. हरीण नीट आडवं उभं राहिलं नाही तर हा बंदूक खाली करणार. पळत्या जनावरावर गोळी नाही म्हणजे नाही. मेलेल्या हरणाशेजारी दात काढून फोटो काढणाऱ्याकडे तो असा बघायचा, की भर पंगतीत कुणी नाक शिंकरलंय. "शेवटी मारायचंच आहे ना, दादा?" असं कुणी डिवचलं की म्हणायचा, "मारायचंय. हाल नाही करायचे. फरक कळत नसेल तर घरी बस आणि मुळे उपट."

सत्तरी उलटली होती. सगळा जन्म देवदार तोडण्यात गेलेला. बायको, हात्सुए, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. मुलगी ओसाकात, ती नवीन वर्षाला फोन करायची. उरला होता तो हिवाळ्यातला रविवार. त्या दिवशी वरच्या वाडीचा शिकारीचा गट डोंगरात जायचा, कुत्री सोडायचा, आणि संध्याकाळी गटप्रमुखाच्या अंगणात मांसाचे सारखे वाटे पडायचे. कुत्र्यांचासुद्धा वाटा निघायचा. मग गरम पाण्यात शोचूची दारू, थट्टामस्करी, जुन्या शिकारींच्या फुशारक्या. तामेझो फार बोलायचा नाही, पण मधोमध बसायचा. तो एक दिवस काढून घेतला असता तर बाकीचे सहा दिवस त्यानं कशाच्या जोरावर काढायचे, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

गटप्रमुख त्याचा साडूच होता. काई शिगेमित्सु, हात्सुएच्या धाकट्या बहिणीचा, किनुयोचा नवरा. लाकूड कापायच्या गिरणीचा मालक, नवं घर बांधलेला, आणि त्या घराच्या दारातली एक भिंत मुद्दाम मोकळी ठेवलेला. तिथं शिंगं लावायची होती. आल्यागेल्याला तो ती मोकळी भिंत दाखवायचा. आता मोकळ्या भिंतीत काय बघायचं, पण लोक बघायचे बिचारे.

त्या रविवारी दिवस कलायला आला आणि ते हरीण निघालं. मोठा नर, दोन्ही शिंगांना चार-चार फाटे. शिगेमित्सुला शिंगं दिसली आणि बाकी काही दिसेनासं झालं. हरीण पळत होतं, मध्ये झुडपं होती, तरी यानं गोळी झाडली. हरीण कमरेत वाकलं आणि कड्याच्या बाजूला नाहीसं झालं. तामेझो रक्ताजवळ उकिडवा बसला. रक्तात हिरवट लगदा होता आणि आंबूस वास येत होता.

"शिगे, पोटात लागलंय," तो म्हणाला. "हे लवकर मरत नाही. कुत्री ताजी आहेत तोवर मागं जाऊ या."

"अंधार पडतोय, दादा. सूर्य बुडाल्यावर गोळी झाडली तर कायदा सोडेल का?"

"सुरी चालवायला कायदा नाही म्हणतोय का?"

"अहो, घरी पाहुणे बसलेत. किनुयोनं आंघोळीचं पाणी तापवून ठेवलंय. फांदी लावतो, सकाळी बघू. कुठं पळून जातंय ते?"

आमच्या खोऱ्यात फांदी लावली की बोलणं संपतं. जखमी जनावराचा माग सोडून घरी यावं लागलं, तर शेवटच्या रक्ताजवळ साकाकीच्या झाडाची हिरवी फांदी खोचायची आणि तिला आपल्या गटाची चिंधी बांधायची. हे जनावर आमचं, आम्ही परत येतोय, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर चोरी. दुपार टळली की ज्याला सापडेल त्याचं. आणि मांस कुणाचंही असो, शेवटचा वार ज्याचा, मुंडकं त्याचं. माग धरायचा की सोडायचा हे मात्र गोळी झाडणाऱ्यानं ठरवायचं. म्हणून तामेझो उठून बाजूला झाला. शिगेमित्सुनं लाल चिंधी बांधून फांदी खोचली, हात झटकले आणि सगळे घरी गेले.

सकाळी तामेझो न्याहारी तशीच टाकून उठला. त्यानं कमरेला कोयता आणि सुरी अडकवली. घरात सांगायला कुणी नव्हतं, तरी "अळंबी लावलेले ओंडके बघून येतो" असं मोठ्यानं म्हणाला आणि ओंडके डावीकडे टाकून सरळ वर चढला. फांदी जागच्या जागी होती. तिच्यापुढं रक्त डोंगराच्या धारेवरून पलीकडे, खालच्या वाडीच्या बाजूला उतरत गेलं होतं. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं, तसं हेही ओढ्यावर गेलं होतं.

ओढ्याकाठी खडकावर खालच्या वाडीचा ओनिझुका मासुओ बसून भाताचा गोळा खात होता. दहा पावलांवर ते हरीण पडलेलं. मागचे पाय पाण्यात, पोट फुगलेलं, जखमेतून आतडं बाहेर आलेलं. कावळ्यांनी एक डोळा नेला होता. आणि ते जिवंत होतं! बरगड्या हलत होत्या. तामेझोची चाहूल लागली तसं त्यानं मान उचलली, उठायची धडपड केली आणि पुन्हा चिखलात आपटलं.

"काका, शिवू नका हं," मासुओ तोंडातला भात गिळत म्हणाला. "फांदीचं आहे."

"अरे, जिवंत आहे ते."

"ते काय मला दिसत नाही? उजाडल्यापासून बसलोय इथं. धारेवर जाऊन तुमच्या शिगेमित्सुसाहेबांना फोनसुद्धा केला. म्हटलं, मारून टाकू का? तर म्हणाले, खबरदार हात लावशील, न्याहारी करून येतोच. कळलं ना? वार माझा पडला तर मुंडकं मला द्यावं लागेल! शिंगं बघा की काय आहेत."

"मग तू कशाला बसलायस?"

"वा! ते आलेच नाहीत तर? दुपार झाली की फांदी संपली. मग मांसही माझं आणि शिंगंही माझी."

"आणि तोवर?"

"तोवर काय, बसायचं." त्यानं हातातला गोळा पुढं केला. "घ्या अर्धा. आत आंबट प्लमचं लोणचं आहे, बायकोनं घरी घातलेलं."

तामेझो एक पाऊल मागं सरला. जन्मभर त्यानं आतडी उपसली होती, रक्तानं कोपरापर्यंत हात भरले होते, पण असली किळस कधी आली नव्हती. ती आता भात चिकटलेला तो हात बघून आली. एक जण तिकडे घरात सूप भुरकतोय, एक जण इथं लोणच्याचं कौतुक करतोय, आणि मध्ये हे जनावर आपल्याच घाणीत रात्रभर पडलंय. का? तर रीत आहे! आग लागो त्या रितीला.

तो सरळ पुढं गेला. कोयत्याच्या बोथट बाजूनं कानामागं एक घाव घातला आणि मग सुरी छातीत घातली. हरणानं एकदा पाय झाडले आणि शांत झालं. तामेझो तिथंच गुडघ्यावर बसून राहिला. एरवी काळजाचे सात तुकडे करून डोंगरदेवतेला द्यायचे असतात. त्याला लाज वाटली. असलं जनावर कुठल्या तोंडानं द्यायचं?

मागून टाळ्या ऐकू आल्या. "मानलं, काका! सोवळे म्हणवता आणि मोक्याला येऊन मुंडकं पटकावलंत की! मी बसलोय गाढवासारखा पहाटेपासून!"

तामेझोला आधी तो काय म्हणतोय तेच कळेना. कळलं तसा तो उठला. तेवढ्यात वरून दगड घरंगळले आणि शिगेमित्सु उतरला. तोंडात दात कोरायची काडी, गालावर आंघोळीची तुकतुकी.

"कुणी मारलं?"

"तुमच्या साडूंनी," मासुओ म्हणाला. "विचारा त्यांनाच."

"दादा, तुम्ही?" शिगेमित्सुनं काडी थुंकली. "अहो, शिंगं हवी होती तर मला सांगायचं. घरच्या माणसानं असं करायचं?"

"शिगे, तोंड सांभाळ. त्याचा डोळा बघ. बघ तरी एकदा."

शिगेमित्सुनं डोळा बघितला नाही. त्याचं मासुओशी सुरू झालं होतं. ओढा आमच्या हद्दीत, असं मासुओ म्हणत होता. फांदी असताना हद्द कसली, असं शिगेमित्सु म्हणत होता. मी राखण केली, कावळे हाकलले, असं मासुओ म्हणाला. एक डोळा नेल्यावर हाकलले वाटतं! शेवटी भांडता भांडता शिगेमित्सुनं सुरी काढली आणि मांस तरी बघू म्हणून पोट फाडलं.

असा भपकारा आला की दोघंही नाक दाबून मागं सरले. आत हिरवंकाळं झालं होतं. पोटातलं सगळं फुटून मांसात मुरलं होतं. कुत्र्यानंही तोंड लावलं नसतं.

आता आमच्याकडे अशीही रीत आहे, की नासलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही, मालकानं पुरायचं. नाहीतर देवता कोपते. दोघांना ती एकदमच आठवली.

"हद्द तुमची," शिगेमित्सु म्हणाला. "तूच म्हणालास आत्ता."

"छे छे! फांदी तुमची, गोळी तुमची. मी तर परका."

"शेवटचा वार माझा नाही."

"माझाही नाही."

आणि दोघांनी तामेझोकडे बघितलं. मघापासून ज्या जनावरासाठी एकमेकांच्या गळ्याला लागले होते, ते दोघं आता किती गोडीनं एका बाजूला उभे होते! थू!

"माझं," तामेझो म्हणाला. "दोघांनी ऐकलंत ना? माझं आहे. आता चालते व्हा."

ते गेले. जाताना कशावर तरी हसतही होते. तामेझो घरून फावडं घेऊन आला. जमीन गारठून दगड झाली होती. खड्डा खणायला त्याला दिवस गेला. त्यानं हरीण शिंगांसकट पुरलं आणि वर दगड रचले.

संध्याकाळी दारात शिगेमित्सु उभा. हातात शोचूची बाटली, चेहरा मऊ.

"दादा, सकाळी जरा जास्तच बोललो. किनुयो मला फार बोलली." त्यानं बाटली खाली ठेवली. "बरं, ते... कुठं पुरलंत?"

"का?"

"नाही, मांस नासलं. शिंगं काही नासत नाहीत ना."

तामेझोनं बाटली उचलून त्याच्या हातात परत दिली. "हरीण माझं आहे. दोघांनी मिळून दिलंत. मी देत नाही."

"विचार करा, दादा. रविवारी गटात बसायचंय तुम्हाला." शिगेमित्सु हे शांतपणे म्हणाला. दोघांनाही त्याचा अर्थ कळला.

गुरुवारी तामेझो ओढ्यावर गेला, तर दगड बाजूला फेकलेले. हरीण अर्धवट उकरून काढलेलं, मुंडकं कापून नेलेलं, आणि उरलेलं धड कावळ्यांना तसंच टाकून दिलेलं. तामेझोनं फावडं आणलं. मग त्यानं ते पुन्हा पुरलं. कुणी नेलं असेल याचा त्यानं विचारही केला नाही. दोघांत फरक तो काय!

शनिवारी गटाची बैठक शिगेमित्सुच्या घरी होती. त्यानं स्वतः फोन करून तामेझोला बोलावलं, पहिल्या जागेवर बसवलं, आपल्या हातानं प्याला भरला.

"मंडळी, शिंगं त्या मासुओच्या पडवीत वाळताहेत," तो म्हणाला. "आमच्या दादांचं हरीण, त्यानं चोरलं! हा सगळ्या गटाचा अपमान आहे. दादा, मालक तुम्ही. उद्या खालच्या वाडीत चला आणि चार लोकांसमोर एवढंच म्हणा, की हरीण माझं होतं. बाकी मी बघतो."

सगळे तामेझोकडे बघू लागले. त्यानं प्याला बाजूला सारला. आणि जन्मात कधी बोलला नव्हता इतकं बोलला. हिरव्या रक्तापासून सुरुवात केली. आंघोळीचं पाणी सांगितलं, फांदी सांगितली, न्याहारी सांगितली. भाताचा गोळा सांगितला. कावळ्यांनी डोळा नेलेलं ते तोंड त्याच्याकडे कसं वळलं, ते सांगितलं. माणूस तिथं बसून दुपार टळायची वाट बघत होता, हे सांगितलं. "मी म्हणे शिंगांसाठी मारलं," तो म्हणाला. "तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही का रे?" किनुयो दारात भांडं घेऊन उभी होती, तिनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. शिगेमित्सु चटईकडे बघत होता.

मग तोकुनागा, गटातला सगळ्यात भला माणूस, कधी कुणाला दुखवणार नाही असा, त्यानं घसा खाकरला.

"फार वाईट झालं, दादा. अगदी वाईट. व्हायला नको होतं." तो थांबला. "पण मग शिंगं नेमकी कुणाची म्हणायची?"

दोघाचौघांनी माना हलवल्या. प्रश्न खराच अवघड होता. एक म्हणाला, पुरलं म्हणजे मालकी सोडली. दुसरा म्हणाला, छे, पुरणं हीच मालकी. शिगेमित्सुनं मान वर केली. बघता बघता सगळे पुढं सरकून बसले, प्याले भरले गेले, आवाज चढले.

तामेझो उठला. "दाजी, जेवून तरी जा," किनुयो दारापर्यंत मागं आली. त्यानं मान हलवली आणि बूट चढवले.

गटातून त्याला कुणी काढलं नाही. रविवारी सकाळी नेहमीसारखी गटाची गाडी त्याच्या दारात थांबली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. तामेझो कपडे करून आत बसला होता. तो बाहेर आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी थांबली नाही.