पहिली पाच नावं

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खोकी छापणाऱ्या छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली आणि सदानकदा डोळ्याला भिंग लावून राहिलं, की माणसाला दुसरं नाव उरत नाही. औषधांची, साबणांची, क्रीमची खोकी तिथे छापली जायची. खोक्याच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरांत घटकांची जी यादी असते, जिच्याकडे जगात कुणी ढुंकून बघत नाही, ती यादी भिंगराव दिवसाचे आठ तास पगार घेऊन वाचायचे. त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नसे. घरात शेगडीवरचं दूध उतू गेलेलं दिसत नसे, पण त्यासाठी त्यांना कुणी पगार देत नव्हतं.

याद्या वाचता वाचता त्यांना क्रीमच्या धंद्यातली मेख कळली. जो घटक सगळ्यात जास्त, त्याचं नाव सगळ्यात आधी; मग उतरत्या भाजणीने बाकीचे. एक टक्क्याच्या खाली गेलं की मात्र कुणीही कुठेही उभं राहावं. एवढ्या भांडवलावर भिंगरावांनी स्वतःचा एक सिद्धांत बांधला. पहिली पाच नावं म्हणजे क्रीम, बाकीची नुसती हजेरी.

सगळे नातेवाईक त्यांच्या या सिद्धांताला टरकून असत. कुणी हौसेने नवी डबी आणली की भिंगराव ती उलटी करत, भिंग काढत, आणि दोन मिनिटांत समोरच्याच्या आनंदाचं पाणी करत. एकदा त्यांच्या मेव्हणीने मोत्याचं क्रीम आणलं.

"मोती आहे यात," भिंगराव म्हणाले. "पण क्रीम टिकवायला जे चिमूटभर घालतात ना, त्याच्याही खाली आहे. म्हणजे मोत्याने लांबून नमस्कार केलाय."

"आणि हे अल्कोहोल काय घातलंय मेल्यांनी?"

"ते प्यायचं नव्हे गं. मेणासारखं असतं, त्याने कातडी मऊ राहते."

"मग तसं सरळ लिहायला काय होतं त्यांना?"

"मागची बाजू माझ्यासाठी असते. तुझ्यासाठी पुढे चित्र काढलेलं असतं."

मेव्हणी त्या दिवशी चहा न घेता गेली. भिंगरावांना वाटलं, तिला पटलं.

त्यांची बायको या सगळ्यात पडत नसे. कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानात ती अकरा वर्षं गुच्छ बांधत होती, आणि गुच्छ बांधण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. लोक दुकानात शिरून मालकिणीला नव्हे, तिला विचारायचे. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन ती आरशासमोर बसे आणि एक क्रीम लावे. परगावी नोकरी करणारी लेक दर दोन महिन्यांनी ते पाठवायची. जाड काचेची डबी, जड झाकण, आणि किंमत अशी की भिंगरावांनी ती एकदाच विचारली.

यादी अर्थातच त्यांनी वाचली. पाणी, ग्लिसरीन, सीटाइल अल्कोहोल, डायमेथिकोन, पेट्रोलेटम. हीच पाच नावं, याच क्रमाने, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एका साध्या ट्यूबच्या खोक्यावर होती, आणि ते खोकं तर त्यांच्याच छापखान्यात छापलं जात होतं. दोन्हींचा रंग पांढरा, दोन्हींना वास नाही. मेव्हणीच्या देखत त्यांनी हे जाहीर केलं.

"कागदावर असतील सारखी," बायको म्हणाली. "लावल्यावर फरक कळतो."

"वाचणं वेगळं नि लावणं वेगळं, भाऊजी," मेव्हणीने मोत्याची परतफेड केली.

हे भिंगरावांना झोंबलं. चार दिवस ते जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बायको दुकानात गेलेली असताना त्यांनी चमच्याने ती काचेची डबी रिकामी केली आणि तिच्यात ट्यूब पिळून वरून सुरीने सारखं केलं. वर्षभर हे चालवायचं, आणि वर्ष भरलं की मेव्हणीला जेवायला बोलावून, पान वाढल्यावर, सगळं उघड करायचं. पुढे लेकीकडून नवी डबी आली की ते आधीच म्हणत, "दे इकडे, झाकण फार घट्ट असतं." नवऱ्याला अचानक आलेल्या या पुळक्याचं बायकोला नवल वाटे, पण चांगल्या गोष्टीची चौकशी करू नये एवढं शहाणपण तिच्याकडे होतं.

काढलेलं महागडं क्रीम टाकून द्यायला जीव होईना. भिंगराव ते टाचांच्या भेगांना लावू लागले. छापखान्याच्या फरशीवर उभं राहून राहून त्यांच्या टाचा चिरल्या होत्या, त्या दोन महिन्यांत भरून आल्या. हा पुरावा आपल्या सिद्धांताच्या बाजूचा की विरुद्ध, याचा त्यांनी विचार केला नाही.

रोज संध्याकाळी ते पलंगाच्या कडेला बसून, वर्तमानपत्राच्या वरून, बायकोला क्रीम लावताना बघत. तीही खुलून बोले. "लोण्यासारखं जिरतं हो." "दुकानात आज एकीने विचारलं, काय लावता म्हणून." भिंगराव "हो ना" म्हणत, आणि ती आत गेली की खिशातल्या डायरीत तारखेसकट तिचं वाक्य उतरवून घेत. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

नवव्या महिन्यात तिच्या पापण्या लाल झाल्या. मग मानेवर चट्टे आले, मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. बाहेरच्या माणसासमोर चेहरा खाजवता येत नाही, म्हणून ती दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन खाजवून यायची. शेवटी दोघं त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

डॉक्टरबाईंनी कामधंदा विचारला आणि फुलांचं दुकान म्हटल्यावर मान हलवली. काही फुलांच्या पानांनी, चिकाने असं होतं, त्या म्हणाल्या. मग चेहऱ्याला काय लावता ते विचारलं. बायकोने पिशवीतून लेकीच्या डबीचं खोकं काढून दिलं. डॉक्टरबाईंनी यादी अगदी शेवटपर्यंत वाचली. एरवी भिंगरावांना अशा वाचकाचं कौतुक वाटलं असतं. आज चोराच्या मनात चांदणं, त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवरून हलेना.

"यात तर काही दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "महिनाभर फुलांना हात लावू नका. बघू."

भिंगरावांनी मनातल्या मनात सिद्धांत म्हटला. पाच नावं तीच, मग ट्यूबचा काय दोष? फुलंच असणार. आणि ते मूग गिळून घरी आले.

बायको घरी बसली. फुलांना शिवायचं नाही, वेळ जाता जात नाही, आणि कातडी ओढल्यासारखी होते, म्हणून ती क्रीम दिवसातून दोनदा लावू लागली. चट्टे गालांवर उतरले. महिना संपत आला तेव्हा दुकानाची मालकीण स्वतः येऊन बसली. बिचारी अवघडली होती. पण दुकान किती दिवस एकटीने ओढणार? सोमवारपर्यंत काय ते कळवा, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल, एवढं सांगून ती गेली.

ती गेल्यावर बायको आपले हात उलटेपालटे करून बघत राहिली.

"अकरा वर्षं फुलांनी मला काही केलं नाही," ती म्हणाली. "मग आताच काय झालं हो?"

मुद्रितं तपासणाऱ्यालाच सुचावा असा हा प्रश्न होता. भिंगराव म्हणाले, "वय होतं माणसाचं."

शुक्रवारी छापखान्यात त्या साध्या ट्यूबचं नवं मुद्रित आलं. जुन्या खोक्याशी ताडून बघायचं होतं. भिंगरावांनी दोन्ही कागद शेजारी मांडले आणि बोट धरून खाली खाली आले. पहिली पाच नावं तीच. सहावं, सातवं तेच. तळाशी जुन्या यादीतलं एक नाव नव्या यादीत नव्हतं, मिथाइल-आयसोथायझोलिनोन. क्रीम टिकावं म्हणून ते चिमूटभर घालायचे. गिऱ्हाइकांचं काम बघणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, हे गळलंय की काढलंय?

"काढलंय. त्याने लोकांच्या अंगावर उठतं म्हणे. बऱ्याच जणांना लगेच नाही, महिनोन् महिने लावल्यावर. पापण्या काय, हात काय. फार तक्रारी आल्या."

ते नाव भिंगरावांनी आजवर निदान चाळीस वेळा तपासलं होतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. घरी जाऊन लेकीच्या खोक्यावर ते आहे का हे बघायची गरज नव्हती. त्या यादीचा तळ त्यांना पाठ होता, आणि त्यात ते नव्हतं. दोन याद्यांमधला एवढाच काय तो फरक, आणि त्यालाच त्यांनी हजेरी म्हटलं होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते निघाले. वाटेत डोकं चालायला लागलं. आज गुपचूप डबी रिकामी करावी, खरं क्रीम भरावं. चट्टे जातील, कुणाला काही कळणार नाही. मग रस्ता ओलांडता ओलांडता ते मधेच थांबले आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. चट्टे गेले, तर ते फुलांपासून लांब राहिल्यामुळेच गेले असं ठरेल. फुलांवरचा आळ पक्का होईल आणि ती दुकानाची पायरी पुन्हा कधी चढणार नाही. आपली अब्रू राहील, आणि तिचा हात जाईल. भिंगरावांना स्वतःची शरम वाटली, तीही अशी की रस्त्यात कुणाकडे बघवेना.

घरी बायको खिडकीपाशी बसली होती. त्यांनी दोन्ही कागद तिच्या मांडीवर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ट्यूब, चमचा, डायरी, मेव्हणीचं जेवण, सगळं.

तिने दोन्ही कागदांची घडी घालून ती खिडकीत ठेवली. मग तिने एकच विचारलं.

"आणि खरं क्रीम? ते कुठे गेलं?"

भिंगरावांनी खाली बसून मोजे काढले.

त्या गुळगुळीत टाचा बघून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी चट्ट्यांवरून ओघळून झोंबलं म्हणून अजून हसली. तशीच उठून तिने मालकिणीला फोन लावला. "दुसरी बाई बघू नका. हो, हो, येते मी. फुलांचं काही नाही हो, घरातलंच निघालं."

पुढे डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर एकेका पदार्थाची पट्टी चिकटवून खात्री केली. फुलांची पट्टी साफ निघाली, त्या एका नावाची लाल. डॉक्टरबाई भिंगरावांना जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. तीन आठवड्यांत बायकोचा चेहरा निवळला. लेकीला तिने काही सांगितलं नाही. मेव्हणीलाही नाही, आणि हे मात्र भिंगराव जन्मभर विसरणार नव्हते. स्वस्तात सुटलो, असं त्यांना वाटलं.

ती दुकानात परत गेली त्या दिवशी संध्याकाळी, हातपाय धुऊन ती नेहमीसारखी आरशासमोर बसली. नवी डबी तिने स्वतःच उघडली. भिंगराव पलंगाच्या कडेला होते. आता बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते मन लावून वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो," ती आरशातूनच म्हणाली. "नऊ-दहा महिने तुम्ही रोज इथे बसून माझ्याकडे बघत होतात."

"झालं ना आता ते. चुकलं म्हटलं की मी."

"तसं नाही. मला वाटायचं, क्रीमचा गुण आला."

भिंगरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पण तोवर तिने दिवा मालवला होता आणि ती स्वयंपाकाला लागली होती.