विहिरीतलं लाल पाणी

किला गेटजवळच्या विहिरीतून वर आलेला लाल पाण्याचा तो डोल मी अजून विसरलेलो नाही. हिंदी मुलखातलं आमचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आम्हा पोलिसांच्या गणवेशावरचे बिल्ले बदलले होते. ठाणं तेच होतं आणि खुर्च्यांमधले ढेकूणही तेच.

एका व्यापाऱ्याला विहिरीच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना काढायचा होता. सांडपाणी विहिरीत उतरतं का, हे पाहिल्याशिवाय परवानगी द्यायला अधिकारी तयार नव्हते. त्यांनी त्या जागेवर खड्डा खणून लाल रंगाचं पाणी सोडलं. बरेच दिवस विहीर स्वच्छ राहिली. आता फक्त सही व्हायची होती, तोच एका सकाळी पाणी लाल झालं.

व्यापारी तडक ठाण्यात आला. कुणीतरी मुद्दाम विहिरीत रंग ओतला, अशी त्याची फिर्याद. दुपारी खबऱ्याही हजर. "साहब, कुएँ पर पंडितजी को देखा था. हाथ लाल थे."

पंडितजी म्हणजे विहिरीशेजारच्या गणपतीचे पुजारी, आपलेच मराठी. देवळाचा कारभार नव्या सरकारकडे चालला होता. गुन्हा दाखल झाला असता तर त्यांची नेमणूक हमखास गेली असती. मी त्यांना बोलावून घेतलं.

"हात लाल होते?"

"होते ना. गणपतीला शेंदूर चढवला, विहिरीवर हात धुतले. साहेब, त्याच पाण्यानं मी देवाला न्हाऊ घालतो. त्यात रंग टाकीन काय? इतकी अक्कल तर आहे मला."

खोटं बोलणारा खुलासा लांबवत नेतो. हे एवढं बोलून गप्प बसले. मला पटलं, पण माझ्या पटण्यावर कोर्ट चालत नाही. मी पंचांसमोर विहीर उपसायला लावली आणि पहारा बसवला. तळाचा झरा स्वच्छ निघाला. खड्ड्याच्या बाजूच्या कपारीतून मात्र लाल धार उतरू लागली. पंचनाम्यावर व्यापाऱ्यानं मुकाट्यानं सही केली.

परवानगी नाकारली गेली. मी खुशीत देवळाकडे गेलो, तर पुजारी दूरच्या मोहल्ल्यातून घागर घेऊन धापा टाकत येत होते.

"आता कशाला हा त्रास? विहीर तर वाचली तुमची."

"वाचली ना, साहेब. तुमची मेहेरबानी. पण ते पाणी अजून लाल येतं. देवाला कसं घालू?"

मला वाईट वाटलं. पाणी बिघडेल का, हे बघण्यासाठी सरकारनंच ते बिघडवलं होतं, आणि ठाण्यात त्याची फिर्याद द्यायला कुणीच आलं नव्हतं. पुढे कुठल्याही तपासात एखाद्या वस्तूला हात लावण्याआधी मी थांबत असे. ती होती तशी परत देता येईल का, एवढं स्वतःला विचारत असे.

त्या दिवशी मी फक्त त्यांची घागर उचलायला पुढे झालो. ते चटकन मागे सरले. "नको साहेब, देवाचं पाणी आहे."