मिल्काबाईंचे लाटके आणि कुंदाताईंचा जीव

कुंदाताईंना दुबईत येऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांचं भिणं अजून लांज्याचंच होतं. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना त्या अजून नवऱ्याची बाही धरत. "अगं, जिना आहे, मगर नाही," मुरलीधरराव म्हणत. ते जबल अलीला कंपनीची बस चालवायचे. हलणाऱ्या वस्तूंशी त्यांचं बरं जमे.

पण कुंदाताईंच्या सगळ्या भीतींची पट्टराणी म्हणजे मिल्काबाई. वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आता मुलाकडे सतराव्या मजल्यावर. स्वयंपाकीण नापसंत पडली की बाई एकच शब्द बोलत, "खलास." यंदा दोघी खलास झाल्या होत्या. कुंदाताई तिसऱ्या, लागून जेमतेम पाच आठवडे. हे घर सुटलं तर पुण्यात शिकणाऱ्या लेकीची, अनन्याची पुढची फी मुरलीधररावांच्या एकट्या पगारात बसणारी नव्हती.

आज हनुक्काची, ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची पहिली संध्याकाळ. सहाला पाहुणे. पानात लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या चपट्या वड्या, घरच्याच पद्धतीचे हवेत.

"माझ्या सासूबाई पोलंडच्या," दुपारी मिल्काबाईंनी सांगितलं. "लढाईत घरदार सोडून मुंबईला आल्या. मुलगा पोटात आणि लाटके डोक्यात, एवढंच सामान. ऐक. बटाटा किसायचा, फडक्यात पिळायचा. पाणी भांड्यात निवळू द्यायचं. वरचं ओतून टाकायचं, तळाला पांढरं बसेल ते परत किसात. त्यानंच वडी धरून राहते. काय कळलं?"

"पांढरं फेकायचं नाही."

"शाबास." आणि बाई आडव्या झाल्या.

कुंदाताईंना सगळं कळलं होतं. हातांना कळलं नव्हतं. हाताला कान नसतात. त्या हातांनी तीस वर्षं उपासाचा कीस केला होता, आणि उपासाचा कीस पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा असतो, नाहीतर कढईत त्याचा लगदा होतो. त्यात कुंदाताईंचं सगळं लक्ष अंड्यांकडे. प्रत्येक अंडं आधी पेल्यात फोडून बघायचं. रक्ताचा ठिपका दिसला की टाकून द्यायचं, हा बाईंचा नियम. जन्मात अंडं न खाल्लेल्या कुंदाताई एक डोळा मिटून, श्वास रोखून पेल्यात बघत होत्या. मधल्या वेळात हातांनी तीन किलोंचा कीस नळाखाली धुऊन, पिळून, हारीनं मांडूनही ठेवला.

लक्षात आलं तेव्हा पांढरं पाणी वाहून जाऊन सिंक लखलखीत झालं होतं. त्यात कुंदाताईंचं तोंड दिसत होतं. घरात पांढरं म्हणून ते तोंडच उरलं होतं.

आता? खालच्या ग्रोसरीतून बटाटे मागवावेत, तर पोऱ्या बेल वाजवणार आणि बेलनं बाई उठणार. कुंदाताईंनी चमचाभर मैदा घातला, मग मूठभर घातला, देवाचं नाव घेतलं आणि पहिली वडी तेलात सोडली. वडी क्षणभर वडीसारखी वागली. मग तिनं सगळीकडे हातपाय पसरले.

"दे आर ब्रेकिंग!" दारातून बाईंची नात मिहिका ओरडली.

"हळू गं माझी बाय, आजी उठेल!"

"बट दे आर!"

तुटलेला चुरा काळा पडला, धूर छताकडे निघाला. छताला धूर हुंगणारं ते गोल बटण. ते वाजलं की अख्खी इमारत जिन्यानं खाली, आणि सिक्युरिटीवाला विचारणार, कोणाच्या घरात? कुंदाताई स्टुलावर चढून ओढणीनं वारा घालू लागल्या. बटण गप्प राहिलं. पण आतून काठी वाजली. ठक. ठक.

मिल्काबाईंनी कढईत बघितलं. मग सिंककडे. मग स्टुलावरच्या कुंदाताईंकडे.

"पांढरं कुठंय?"

'घातलं ना,' एवढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते खरं. "ओतलं, बाई. तीनदा धुतलं."

बाईंनी गॅस बंद केला. मिहिकाला बाहेर पिटाळलं. दार लावलं. 'आता तो शब्द,' कुंदाताईंनी डोळे मिटले.

"उपासाचा कीस करतेस ना?"

"ह... हो."

"मीही कोकणातलीच आहे. शेजारच्या काकूंनी शिकवलेला कीस. लग्नानंतरच्या पहिल्या हनुक्काला मीही असाच धुतला. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना मराठी येत नव्हतं म्हणा, पण फरक कळत होता."

कुंदाताईंना हसावं की नाही ते कळेना. स्टुलावरून उतरावं की नाही, तेही.

"आज हा चुराच कुरकुरीत तळ. पाहुण्यांना मी सांभाळते. सण आठ दिवसांचा आहे, उद्या परत लाटके."

"म्हणजे, बाई... खलास नाही?"

"उतर खाली. ते स्टूल मला लागेल. उद्या पहिल्या बटाट्यापासून मी इथे, तुझ्या पाठीशी बसणार. परवाही. सगळे दिवस."

कुंदाताईंनी मनात मोजलं. सात संध्याकाळी. नोकरी वाचली होती. आणि सातही संध्याकाळी पट्टराणी पाठीशीच बसणार, म्हणून स्टुलावरून उतरताना त्यांनी सवयीनं नवऱ्याची बाही शोधली.