चाचांचं मनगट

सोमाटण्याचे गॅरेजवाले चाचा कुणाशी हात मिळवत नाहीत. पंजा सतत ग्रीसने काळा, म्हणून ते मनगट पुढे करतात आणि आपण ते धरून हलवायचं. बोलणंही बेताचंच. "बघतो" म्हणाले की काम होणार. "बघू" म्हणाले की गाडी मुकाट्याने परत न्यायची.

मळवलीच्या मामाने उभं आयुष्य डोंगरात फिरवलेल्या दोन जुन्या मोटारसायकली आम्हा दोघी बहिणींना देऊन टाकल्या, तेव्हा चाचा दोन्हींभोवती एक फेरी मारून "बघतो" म्हणाले. चार महिने लागले. मी चाव्या मागितल्या.

"देनाऱ्यानं पयली किक मारल्याबिगर चावी न्हाई, पोरी."

"चाचा, मामाचा गुडघा गेलाय. किक कशी मारणार तो?"

"बघतो."

रविवारी ते दोन्ही गाड्या टेम्पोत घालून मळवलीला आले. मामा ओट्यावर बसला होता, गाड्यांकडे न बघता. चाचांनी आधी नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग एक गाडी ओट्याशी लावली, मामाचा तळवा ग्रीसने माखलेल्या किकवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा. दोघांनी मिळून ती खाली दाबली. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं. मामा बराच वेळ ते ऐकत राहिला.

दुसरी गाडीही तशीच सुरू झाली आणि चाव्या मिळाल्या. निघताना चाचांनी आपला स्वच्छ हात मामापुढे केला. मामाने ग्रीसने काळ्या झालेल्या स्वतःच्या पंजाकडे पाहिलं आणि मनगट पुढे केलं.