निवेपर्यंत

टर्बोचे ट्रक तेव्हा नवेच होते. इंदिरानगरात आमच्या घरासमोर एक ड्रायव्हर संध्याकाळी तसला ट्रक लावायचा, पण इंजिन लगेच बंद करायचा नाही. ती घरघर असह्य होऊन एकदा मी तावातावानं भांडायला गेलो. तो आरशात बघून निवांत भांग पाडत होता.

"टर्बो हाय साहेब. पळून आल्यावर लगेच बंद केलं, तर आतलं तेल जळतं. जरा निवू द्यावं लागतं," तो म्हणाला आणि हसला. "मीबी तेवढ्यात निवतो. तापलेला घरात गेलो, की बायकोशी भांडण ठरलेलं."

मग इंजिन बंद करून, दिंडोरीच्या द्राक्षांचा घड हातात घेऊन तो शीळ घालत घरी गेला.

तेव्हापासून ऑफिसातून आलो, की मी आधी पायरीवर बसतो. आतून बायको विचारते, "निवलात का? टाकू चहा?"