पांढऱ्या गिटारची घूं

माझ्या मुलीकडे दोन गिटार आहेत. एक माझी जुनी काळी. ती मी दिली असं मुलगी म्हणते आणि तिने उचलून नेली असं मी म्हणतो. दुसरी पांढरी, तिने स्वतः घेतलेली. दोन्हींसाठी मिळून एक डिजिटल अँप, म्हणजे अँप्लिफायर, आहे, जेवणाच्या डब्याहून जरासं मोठं. त्यात म्हणे जगातल्या सगळ्या अँपचे आवाज भरलेले आहेत. आमच्या काळात अँपला चार बटणं असायची आणि त्यातलंही एखादं तुटलेलं असायचं. या डब्याला मोबाइल लागतो. मोबाइलवर बोट फिरवून आवाज बसवायचा, त्याला नाव द्यायचं आणि जपून ठेवायचा. अशा जपलेल्या आवाजाला प्रीसेट म्हणतात. पायाने बटण दाबलं की एक प्रीसेट जातो आणि दुसरा येतो.

पण गिटार बदलली की जपलेला आवाज कामाचा राहत नाही, हे या हुशार डब्यालाही चुकलेलं नाही. काळ्या गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारे पिकअप आहेत, जोडीचे. तिचा आवाज जाड, दणकट. आहे तसा सोडला तर सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे वाटतात. म्हणून तिच्या प्रीसेटमध्ये गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, कमी, बेस उतरवलेला, ट्रेबल थोडा वर. पांढरीचे पिकअप एकेरी, आवाज बारीक. काळीचा प्रीसेट तिला लावला तर ताटावर चमचा घासल्यासारखं ऐकू येतं. तिच्यासाठी ट्रेबल खाली आणायचा, बेस भरायचा आणि गेन बराच वाढवायचा. इथपर्यंत आमचं बाप-लेकीचं छान जमायचं. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी मी सोफ्यावर बसून कान द्यायचो, ती बोट फिरवायची, आणि बायको आतून विचारायची की पोहे खाता का गिटारच खाता.

भांडण व्हायचं ते घूंवरून. एकेरी पिकअपची ती खोडच आहे. आसपास वीज आली की ते घूं करत राहतात, आणि गेन वाढवला की घूंही वाढते.

"बाबा, डोकं खाऊन राहिली ही," मुलगी म्हणाली.

"राहू दे."

"काहून राहू दे? गेट लावते ना. काम खतम."

गेट म्हणजे नॉइज गेट. तारा वाजत असल्या की हे दार उघडं राहतं. वाजवणं थांबलं की बंद होतं आणि घूं पलीकडेच राहते. तिने ते इतकं कडक बसवलं की गिटार जोडलेली आहे की नाही तेसुद्धा कळेना. "पाहा, किती साफ," ती म्हणाली. मला ती शांतता अजिबात आवडली नाही. मी म्हणालो, "स्टेजवर गेली का पहिले गेट काढून ऐकत जाय. घूं सांगते."

"काय सांगते?"

तारांत करंट आहे की नाही ते सांगते. तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो, तिथे शेवटी शेवटी सगळ्यांना ही सवय होती. केबल खोचायची, आवाज वाढवायचा, तळहात तारांवर ठेवायचा आणि ऐकायचं. हात ठेवल्यावर घूं कमी झाली तर तारांत करंट नाही. तेवढीच राहिली, किंवा वाढली, तर काहीतरी बिघडलंय, आणि मग कोणी कितीही घाई करो, माइकजवळ तोंड न्यायचं नाही, कारण तारांतला करंट अंगातून माइककडे धावतो. हे सगळं मी मुलीला सांगितलं. आम्ही ही सवय कशी लावून घेतली, ते मात्र सांगितलं नाही.

आमचा गाणारा गिटार वाजवत गायचा. एका लग्नाच्या लॉनवर, नुकतंच पाणी मारलेल्या गवतावर आम्ही उभे होतो आणि त्याची गिटार घूं करत होती. आम्ही त्याला चिडवत होतो, की आज तानपुरा फुकट मिळाला. त्याने डाव्या हातात तारा पकडल्या आणि माइकला ओठ लावले. पहिला शब्द निघालाच नाही. तो माइकला चिकटून उभाच राहिला, आणि आम्हाला वाटलं, लाजतोय. मग पडला. दवाखान्यात नेलं, पण तो उठला नाही. त्यानंतर वर्षभरात ऑर्केस्ट्रा आपोआप मोडला आणि मी हिंगण्याच्या कंपनीत स्टोअरला लागलो. घूं ऐकली की आजही मी आधी गाणाऱ्याच्या ओठांकडे पाहतो. पण बापाने आपली भीती मुलीच्या गळ्यात बांधावी का, हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून मी फक्त करंट लागतो एवढंच म्हणत राहिलो, आणि ती म्हणायची, "आता कोणाले करंट लागते बाबा?"

एप्रिलमध्ये कन्हानला, बायकोच्या माहेरी, बुद्धविहाराच्या मैदानात कार्यक्रम होता. मुलीच्या मामाने पुढाकार घेऊन भाचीचं नाव लावलं होतं. लोकांसमोर स्टेजवर गायची तिची ती पहिलीच वेळ. दुपारी टँकरने मैदानावर पाणी मारून धूळ बसवली होती, आणि संध्याकाळी खुर्च्या मांडल्या तेव्हाही पायाखाली ओल लागत होती. स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड. माइक आणि स्पीकर जनरेटरवर. मुलीचं अँप मात्र विहारातून ओढून आणलेल्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर. मला हे दोन ठिकाणचं कनेक्शन आवडलं नाही. मी वर जाऊन पांढरी गिटार जोडली, गेट काढलं, तारांवर हात ठेवला. घूं कमी झाली. माइकला उलटा हात लावून पाहिला. काही नाही. तरी मी दोनदा पाहिलं. मुलगी म्हणाली, "झालं का इन्स्पेक्शन?" मी खाली येऊन बायकोशेजारी बसलो.

पहिलं गाणं तिने काळ्या गिटारवर म्हटलं आणि चांगलं म्हटलं. मला ते कबूल करायला त्रास होतो, कारण माझ्या गिटारवर ती माझ्यापेक्षा बरं वाजवत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्टेजमागे आडोशाला लावलेला पत्रा दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेला होता आणि ती घामाने निथळत होती. तेवढ्यात मामा आणि आणखी दोघं एक मोठा लोखंडी कूलर उचलून स्टेजवर चढले. "पोरीले किती घाम येऊन राहिला," मामा माइकवरच म्हणाला. लोक हसले. कूलर तिच्या मागे ठेवला गेला, पाणी ओतलं गेलं, पंखा घरघरायला लागला. मामाच्या चेहऱ्यावर माया ओसंडत होती.

बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "दादानं तो झटकेवाला काहून आणला जी?"

मी विचारलं, "कोणता झटकेवाला?"

"घरचा. उन्हाळाभर झटका मारते तो. चप्पल घातल्याशिवाय कोणी हातच नाही लावत त्याले." आणि ती हसली, कारण त्या घरात सगळेच त्यावर हसायचे. आमच्याकडे प्रत्येक घरात असा एखादा कूलर असतो. तो दुरुस्त कोणी करत नाही. त्याचा स्वभाव सांभाळून घेतात, घरातल्या तापट म्हाताऱ्याचा सांभाळतात तसा.

मी कूलरच्या वायरकडे पाहिलं. ती स्टेजमागे, त्याच बोर्डाकडे गेली होती.

मुलगी गिटार बदलत होती. काळीची केबल काढून तिने पांढरीला लावली. पायाचं बटण दाबायचं राहिलं होतं, म्हणजे प्रीसेट अजून काळीचाच होता, गेट नसलेला. मैदानभर घूं पसरली. लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. तिने घाईघाईत तळहात तारांवर ठेवला, आणि घूं वाढली.

मी उठलो. मला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं, की बाकी कोणाला कसं कळत नाही असं वाटलं. मुलीने ओशाळं हसून पायाने बटण दाबलं. पांढरीचा प्रीसेट आला, गेट आलं, आणि सगळं एकदम शांत झालं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. ती दोरीवरच्या कपड्यासारखी सैल झाली, डावा हात तारांवर, आणि माइककडे निघाली.

मी ओरडलो. माझा आवाज कूलरच्या घरघरीत आणि जनरेटरच्या धडधडीत कुठे गेला, कळलं नाही. समोरच्या खुर्च्या ओलांडून तिच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मी स्टेजच्या बाजूने मागे धावलो. धावताना मला फक्त तिची पाठ दिसत होती. मान पुढे झुकली होती. बोर्डाची वायर विहाराच्या खिडकीतून येत होती. ती मी दोन्ही हातांनी ओढली आणि पलीकडे कुठेतरी प्लग निघाल्याचा आवाज झाला. कूलर थांबला. अँपचे दिवे गेले.

काही वेळ मला वर पाहवेना. मग तिचा आवाज आला, रागाने भरलेला. "बाबा, काहून बंद केलं?"

ती उभी होती. माइक तिच्या हनुवटीजवळ होता. लोक हसत होते, कोणी शिट्टी मारली. मी हातानेच तिला मागे हो, मागे हो असं खुणावत राहिलो. ती रडायच्या बेतात होती. पहिल्याच कार्यक्रमात बापाने हसं केलं, असं तिला वाटलं असणार. मीही तिच्या जागी असतो तर मला तसंच वाटलं असतं.

साउंडवाल्याकडून टेस्टर घेतला. पांढरी गिटार मी खुर्चीवर आडवी ठेवली, केबल तशीच जोडलेली, आणि सगळ्यांना लांब उभं करून प्लग परत लावायला सांगितला. टेस्टर तारेला लावला. दिवा भगभगीत पेटला. दुसऱ्या तारेला लावला, तिथेही पेटला. मामाने जवळ येऊन पाहिलं. प्लग काढून बोर्ड उघडला, तर अर्थिंगची तार आत कुठेच जोडलेली नव्हती. कूलरच्या पत्र्यातला करंट जमिनीत जायचा तो बोर्डातून अँपमध्ये, अँपमधून केबलमध्ये आणि केबलमधून या तारांत येऊन बसला होता. कूलर येण्याआधी सगळं ठीक होतं, ते त्यामुळेच. मी हे सांगत होतो तेव्हा मामा माझ्याकडे पाहतच नव्हता. तो भाचीच्या हाताकडे पाहत होता.

कूलर उचलून नेला. अँप जनरेटरच्या लाइनवर, माइकच्याच बोर्डावर जोडलं. टेस्टर आता पेटला नाही. मामा मुलीला म्हणाला, "जाय बेटा, आता काई नाई." लोक वाट पाहत होते. तिने गिटार गळ्यात घातली, दोन पावलं पुढे गेली आणि माइकसमोर थांबली. तिचा हात तारांच्या वर होता, टेकलेला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी विहिरीत पोहायला उतरताना ती असंच पाहायची, पण तेव्हा तिला पाण्याची भीती नव्हती.

मी वर गेलो. तिच्या गळ्यातून गिटार काढली आणि माझ्या गळ्यात अडकवली. तिला चार हात लांब, प्लायवूडच्या कडेला उभं केलं. डाव्या हाताने सगळ्या तारा घट्ट आवळल्या. टेस्टरवर माझा विश्वास होता. तरीही मी पुढे झुकलो तेव्हा मला मरणाची भीती वाटत होती.

मी ओठ माइकच्या थंड जाळीला टेकवले आणि "हॅलो" म्हणालो. माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला, आणि खालून, खुर्च्यांतून, माझ्या बायकोचं रडणं ऐकू आलं.